मन, मनं आणि अक्काचा रोट

धुळ्याच्या कॉलेजात मी तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्या तीस वर्षांत माझ्या विषयाला आपण होऊन आलेली मुलं एका रिक्षात बसली असती. बाकीची दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून यायची. मी आत्मा समजावून सांगत असलो की ती खिडकीतून पार्किंगकडे बघायची. पण निवृत्त झालो आणि काय झालं कुणास ठाऊक, गावाला एकाएकी अध्यात्माची तहान लागली. औषधाच्या दुकानाचे मालक एकदा मला रक्तदाबाच्या गोळ्या देता देता म्हणाले, "सर, झोप येत नाही. हे 'मी' म्हणजे नक्की काय असतं हो?" त्यांच्या दुकानावर एक रिकामी खोली होती. तिथं दर रविवारी सकाळी आमचा वर्ग भरू लागला.

वर्गात पंधरा-वीस जण असत. घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करणारी एक मुलगी होती, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एक बाई होत्या, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. ते वर्गातही कोण उतरलं, कोण चढलं याकडे लक्ष ठेवून असत. मी खुशीत होतो. या लोकांना मार्क नको होते, हजेरी नको होती, त्यांना खरंच काहीतरी हवं होतं. मीही उदाहरणं अगदी घरची काढायचो. माया म्हणजे काय? मे महिन्यात भर दुपारी सोनगीरच्या पुढं हायवेवर पाणी साचलेलं दिसतं ना, ते. दिसतं हे खरं, पण तांब्या घेऊन गेलात तर मिळत नाही. कर्म करायचं आणि फळाला चिकटायचं नाही म्हणजे काय? कपाशी लावायची, निंदणी करायची, फवारणी करायची, आणि भावाच्या बातम्या दिवसातून दहा वेळा मोबाइलवर बघायच्या नाहीत. लोक हसायचे, वहीत लिहून घ्यायचे. लिहून घेणारी माणसं समोर असली की माझ्यासारख्याचं काय होतं ते सांगायला नको.

आता अक्काविषयी. अक्का माझी थोरली बहीण. दोंडाईच्याजवळच्या एका गावात दिली होती. लग्नानंतर दहा-बारा वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती आमच्याकडे परत आली. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो, बायकोही शाळेत शिकवायची. अक्कानं आल्या दिवशी पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेली, ती तीस वर्षांहून जास्त झाली तरी तिथंच आहे. आमच्या दोन्ही मुलांना तिनंच वाढवलं. मुलं आता नाशिकला आणि हैदराबादला असतात आणि फोन आधी तिला करतात. ती घरात अहिराणीच बोलते. मी तिच्याशी अहिराणीत बोलतो आणि वर्गात प्रमाण मराठीत, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

त्या रविवारी चहा आणायला कुणी नव्हतं म्हणून अक्का थर्मास घेऊन आली, आणि आलीच आहे तर बैस म्हणून मी तिला मागच्या खुर्चीवर बसवलं. विषय होता मन, पण हायवेवरचं पाणी आणि कपाशीही ओघात येऊन गेली होती. मी रंगात आलो होतो. "सगळी कटकट मनाची आहे," मी म्हणालो. "घर दुःख देत नाही, माणसं दुःख देत नाहीत, मन देतं. मन धरून ठेवतं म्हणून आपण अडकतो. मन सुटलं की माणूस सुटला!"

मागून आवाज आला, "खरं शे."

सगळ्यांनी माना वळवल्या. अक्का कधी चारचौघांत बोलत नाही. मला कौतुक वाटलं. मी म्हणालो, "बोल की अक्का."

ती उभी राहिली. "भाऊ, तू म्हनस, मनं सोडी दिधं का मानूस सुटस. बराबर शे. पन जेले मनं म्हनाले काहीच नही, तेनी काय सोडानं?"

मला समजायला दोन क्षण लागले. अहिराणीत 'मनं' म्हणजे 'माझं'. मना भाऊ, मनी बहीण, मनं घर. आणि मनाला अक्का मन म्हणतच नाही, तिच्या बोलीत जीव लागतो, जीव उडतो, जीवाला बरं वाटत नाही. म्हणजे तासभर मी 'मन, मन' करत होतो आणि ती 'माझं, माझं' ऐकत होती. आणि गंमत अशी की तिला माझं सगळं व्याख्यान नीट समजलं होतं. मनाच्या जागी 'माझं' घालून बघा, एक वाक्य चुकत नाही. उलट सुधारतं. मी हे वर्गाला सांगितलं, आणि वर्ग असा हसला, असा खूश झाला! पार्लरवाल्या बाईंनी तर टाळ्या वाजवल्या.

प्रश्न मात्र तसाच उभा होता, आणि अक्काही. मी हात जोडले आणि म्हणालो, "अक्का, अगं तू तर सुटलेलीच आहेस! आम्ही सगळे ज्याच्यासाठी धडपडतोय, तिथं तू आधीच जाऊन बसली आहेस."

पुन्हा टाळ्या. अक्का हसली, खाली बसली, आणि मग चहा ओतायला उठली. उत्तर फारच छान जमलं असं मला वाटलं. पुढच्या रविवारी मी मन आणि मनं यावर तास घेतला, जणू ते मलाच सुचलं होतं.

आषाढ संपत आला तशी अक्कानं एकदा जेवताना सांगितलं, "शेजारनी बाई तापीकाठना आश्रममा जाई राह्यनी. कायमनी. तिना संगे मीबी जासू. श्रावण सरना का."

"काब?" का म्हणून, मी विचारलं.

"काब म्हंजे? तूच सांगं ना बठ्ठासना समोर. मी सुटेल शे म्हने. सुटेल मानूस घरमा कसाले राही?"

ती रागावून बोलत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. चांगल्या मार्कांनी पास झालेल्या माणसासारखी बोलत होती, पुढच्या वर्गात जायचंच असतं असं. मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पण तिनं पिशवी काढली, दोन लुगडी धुऊन घडी करून ठेवली, पाट्याखालच्या डब्यात काय आहे, लोणच्याला पुन्हा तेल कधी घालायचं, हे माझ्या बायकोला समजावून द्यायला सुरुवात केली. मग मात्र माझी घाबरगुंडी उडाली.

मी तिला समजवायला बसलो, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट वादविवाद हरलो. मी म्हणालो, तुझ्यावाचून घर कसं चालेल? ती म्हणाली, "कोनवाचून काय अडस भाऊ? तूच सांगस." मी म्हणालो, तू इतकं केलंस आमच्यासाठी, आता आमची पाळी आहे. ती म्हणाली, "मी भाकरी करी, फळ कोठे मांगं?" मी म्हणालो, मला फार वाईट वाटेल. त्यावर तिनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि हायवेवरच्या पाण्याची आठवण करून दिली. तीस वर्षं विद्यार्थ्यांच्या डोक्यात जे शिरलं नाही ते एका थर्मासच्या फेरीत अक्काच्या डोक्यात शिरलं होतं, आणि मी हात जोडून म्हणत होतो की बाई गं, एवढं मनावर घेऊ नकोस. अनासक्तीचा मास्तर बहिणीला सांगत होता, थोडी तरी आसक्ती ठेव. वर्गातल्या कंडक्टरांना कळलं असतं तर त्यांनी मला तिथंच उतरवलं असतं.

बायको आधी चेष्टा करायची. "मोक्ष वाटत सुटलात ना? घ्या आता, उद्यापासून भाकऱ्या थापा." पण एका दुपारी ती लसूण सोलत बसली होती आणि मी नेहमीसारखा अक्काच्या हट्टीपणाबद्दल बोलत होतो, तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली.

"तुम्हाला ती वर्गात काय विचारत होती ते कळलं का?"

"कळलं की. मन आणि मनं..."

"ते नाही. तिच्याकडे माझं म्हणायला काही नाही, असं ती सांगत होती. आणि तुम्ही टाळ्या घेतल्या." मग ती म्हणाली, "कानबाईला ती रोट खात नाही, हे तुम्हाला कधी दिसलंय का?"

मला दिसलं नव्हतं. खरंच दिसलं नव्हतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

कानबाई म्हणजे आमच्याकडचा श्रावणातला सगळ्यात मोठा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. आमच्या भाऊबंदांची कानबाई सोनगीरला नानांच्या घरी बसते. नाना माझे चुलतभाऊ, भाऊबंदांत सगळ्यांत थोरले. आमच्या घराण्याची रीत अशी, की दोन दिवस आधी घरच्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. मुलगे, सुना, नातवंडं, सगळ्यांच्या नावानं. ते गहू दळून त्यांचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. लग्न झालेल्या लेकी दर्शनाला येतात, गाणी म्हणतात, पुरणपोळी खातात, पण रोटात त्यांचा वाटा नसतो. त्या दिल्या घरच्या. अक्काही लेकच. तीस-पस्तीस वर्षं तिनं सोनगीरला सगळ्यांच्या बरोबरीनं लाल भोपळा, आमचं गंगाफळ, चिरला, पुरण वाटलं, आमच्या वाट्याचे रोट डब्यात भरून धुळ्याला आणले, आणि स्वतःसाठी साध्या पिठाची पोळी वेगळी लाटून घेतली.

"मग तू तरी बोलायचं होतंस," मी बायकोला म्हणालो.

"मला सासूबाईंनी रीत सांगितली, मी पाळली. आणि मला वाटायचं, तुम्ही एवढं सगळं शिकलेले, एक दिवस तुम्ही बोलाल."

मी बोललो नव्हतो. सगळ्यांच्यात एकच आत्मा आहे, हे मी किती वर्षं बोलत होतो, फळा भरून लिहीत होतो, आणि माझ्या पुढ्यात एका बाईचं ताट वेगळं वाढलं जात होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी जेवलो नाही. अक्कानं विचारलं, पोट दुखतं का. मी हो म्हणालो. तिनं ओवा आणून दिला.

गहू टाकायच्या दिवशी, शुक्रवारी, मी एकटाच सकाळच्या एसटीनं सोनगीरला गेलो. अक्काच्या नावाची मूठ टाकायची, असं नानांना सांगायचं होतं. नाना ऐंशीच्या घरातले, चौथी शिकलेले, रीतीच्या बाबतीत कडक. वाटेत मी भाषण तयार केलं. अद्वैतापासून सुरुवात करायची, मग रूढी आणि धर्म यांतला फरक, मग स्त्रियांचं स्थान, आणि ऐकलंच नाही तर सरळ भांडायचं. माझा आवाज चढतो हे मला ठाऊक आहे. चढला तर चढला, असं ठरवलं होतं.

नाना ओट्यावर सूप पुढं घेऊन बसले होते. अजून गहू टाकले नव्हते. मी पाया पडलो, बसलो आणि सुरू झालो. अद्वैत झालं, रूढी झाली. नानांनी मध्ये दोनदा जांभई दिली. शेवटी मी म्हणालो, "म्हणून नाना, यंदापासून अक्काच्या नावाची मूठ पडली पाहिजे. तुम्हाला आवडो न आवडो."

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तिना नावनी मूठ? ती ते मी टाकसच."

"कवयफाईन?" कधीपासून, मी विचारलं.

"ती घर उनी तो वरीसफाईन." ते माझ्याकडे असं बघत होते, की या माणसाला उन्हात फिरू देऊ नये. "घरमा राहस ते घरनं मानूस. मूठ नही टाकी ते कानबाईले काय सांगू? हाई बाई कोन शे म्हनीसन?"

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"बोलानं काय तेमा? नावं मी तोंडमा म्हनस. तुमना वाटाना रोट तुमना डबामा जातस. बायकासनी पंगतमा, तुमना घरमा कोन काय खास, ते मी पाह्याले येऊ का?"

एवढं भाषण पाठ करून आलो होतो आणि भांडायला समोर कोणी उरलंच नव्हतं. चौथी शिकलेल्या माणसानं तोंडातल्या तोंडात नाव घेऊन जे दर वर्षी केलं होतं, ते मी एसटीत बसून सिद्ध करत आलो होतो. रीत आड आलीच नव्हती. मूठ पडत होती, दळली जात होती, रोट होऊन माझ्या घरी येत होता. नानांनी सुपात गहू टाकायला सुरुवात केली. या वेळी मी कान देऊन ऐकलं. माझ्या नावानंतर माझ्या बायकोचं, मग मुलांची, आणि मग अक्काचं नाव त्यांनी अगदी सहज घेतलं आणि पुढं गेले.

अक्काला मी काही सांगितलं नाही. रविवारी सगळे सोनगीरला जमलो. देवीपुढं गाणी झाली, नैवेद्य झाला. बायका पंगतीला बसल्या तेव्हा अक्का सवयीनं कोपऱ्यात जाऊन आपली वेगळी पोळी काढायला लागली. मी तिचं ताट उचललं, मध्यभागी माझ्या बायकोच्या शेजारी नेऊन ठेवलं, आणि त्यात रोट वाढला. वाढताना घाईत तूप जरा ताटाबाहेर सांडलं.

अक्का एकदम मागं सरकली. "भाऊ, येडा व्हयना का? मी लेक शे. दिधेल घरनी."

ओट्यावरून नाना ओरडले, "खाय वं. तुनाच नावना शे."

"मना नावना?"

"दर वरीस ऱ्हास."

अक्कानं रोटाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही. मग हळूच तिनं मान माझ्याकडे वळवली.

"मंग भाऊ, इतला वरीस मना रोट कोन खाये?"

आमच्या डब्यात दर वर्षी एक रोट जास्त यायचा. पौर्णिमेच्या आत संपायला हवा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुधात कुस्करून, वर तूप घालून कोण खायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोनं माझ्याकडे बोट केलं.

"मी," मी म्हणालो.

आणि अक्का हसायला लागली. आधी पदरात तोंड लपवून, मग मोकळी, मग सगळी पंगत हसली, नाना खोकेपर्यंत हसले. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती रोट मोडून खात होती. मी तिथंच उभा होतो, तुपाची वाटी हातात, आणि माझेही डोळे भरले होते. एका रोटावर ती थांबली नाही. दुसरा मागून घेतला आणि वर म्हणाली, तूप जरा हात सैल सोडून वाढ.

आश्रमाचं मात्र तिनं काही काढलं नाही. मीही विचारलं नाही. पिशवी कपाटावर तशीच होती, घडी केलेली लुगडीही. पौर्णिमा झाली. श्रावणाचे शेवटचे दिवस आले. रविवारचा वर्ग मी दोनदा बुडवला. शिष्यांना सांगितलं, तब्येत बरी नाही. औषधवाल्यांनी गोळ्या घरपोच पाठवल्या.

ज्या दिवशी जायचं ठरलं होतं त्या सकाळी मी उगाच बाजारात गेलो, घरात थांबवेना म्हणून. पाऊस पडून गेला होता. परत आलो आणि चिखलाच्या चपला घालून थेट स्वयंपाकघरात गेलो, अक्का आहे की नाही ते बघायला.

ती होती. नुकतीच फरशी पुसून उठली होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.

"पाय शेतस का खुरं? डोया फुटी गयात का तुना? आत्तेच पुसेल शे मी, आत्तेच! रोज तेच, रोज तेच! उतार आधी त्या चपला, का देऊ उलथनं फेकीसन?"

एवढ्या वर्षांत या घरात ती कुणावर ओरडली नव्हती. मुलांनी दूध सांडलं, मी कुलूप हरवलं, कामवाली आठ-आठ दिवस आली नाही, ती हसून निभावून न्यायची. मला तो तिचा स्वभाव वाटायचा. शांत आहे, समाधानी आहे, असं मी कौतुकानं लोकांना सांगायचो. पाहुणा माणूस दुसऱ्याच्या घरात आवाज चढवत नाही, एवढीच ती गोष्ट होती, हे मला त्या चिखलात उभं राहून कळलं.

शेजारच्या बाई बॅग घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी आतला आवाज ऐकला, माझ्याकडे बघितलं, आणि विचारायचं ते न विचारता, "बरं, मी निघते," म्हणून गेल्या. अक्काचं तिकडे लक्षही नव्हतं. आता ती माझ्या ओल्या टॉवेलवर आली होती, मग पंखा बंद न करण्यावर, मग मी लहानपणी कसा होतो त्यावर. मी चपला हातात धरून सगळं ऐकून घेतलं, आणि ती थांबू नये असं मला वाटत होतं.